आधी वाट, मग गाडी

रानातल्या मुक्कामाचे किंवा संकटकाळचे सामान नेण्यासाठी हाताने ओढायची गाडी बनवायची असे कुणी ठरवले, की पहिला कागद भरतो तो सामानाच्या यादीने. तंबू, ताडपत्री, पांघरुणे, स्टोव्ह, शिधा, पाण्याचे कॅन, दोर, कोयता, औषधांची पेटी. मग या सगळ्याची लांबी-रुंदी मोजून साटा, म्हणजे सामान ठेवायची चौकट, आखला जातो आणि सगळ्यात शेवटी त्याखाली मिळतील ती दोन चाके बसवली जातात. हा क्रम उलटा आहे. गाडी सामानासाठी असते हे खरे, पण ती चालते वाटेवर. चाक केवढे, आस कसला, रुंदी किती, दांडी कशी, ओझे किती लादायचे आणि गाडी सोडून द्यायची वेळ कोणती, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे वाटेकडे असतात. म्हणून गाडी बांधणाऱ्याने आधी वाट वाचावी. हे एकच सूत्र इथे सावकाश उलगडून पाहायचे आहे.

आपल्या सह्याद्रीनेच हे सूत्र शतकानुशतके पाळायला लावले. जुन्नर आणि कोकणपट्टी यांना जोडणारा नाणेघाट सातवाहनांच्या काळापासून वाहता होता. त्या वाटेने व्यापार चालला तो जनावरांच्या आणि माणसांच्या पाठीवरून. पुढेही घाटवाटांनी मीठ, धान्य, कापड हलत राहिले ते लदणीच्या बैलांवर. देशावर बैलगाड्या होत्या, त्या बांधणारे सुतार-लोहार गावोगावी होते, तेव्हा उणीव कारागिरीची मुळीच नव्हती. दगडी पायऱ्यांच्या आणि अंगावर येणाऱ्या चढाच्या वाटेला चाक मानवत नव्हते, एवढेच. खंडाळ्याजवळच्या बोरघाटात १८३० साली गाडीरस्ता खुला झाला आणि त्यानंतर तिथे चाकावरची वाहतूक वाढली. आधी वाट बदलली, मग वाहन बदलले.

चीनमध्ये हीच गोष्ट दुसऱ्या अंगाने दिसते. तिथली जुनी एकचाकी आपल्या बांधकामावरच्या एकचाकी हातगाडीसारखी नसते. आपल्याकडच्या गाडीत चाक पुढच्या टोकाला असते, त्यामुळे भाराचा मोठा वाटा ढकलणाऱ्याच्या हातांवर येतो. चिनी एकचाकीत मोठे चाक मधोमध असते आणि सामान त्याच्या दोन्ही बाजूंना, वर, रचलेले असते. जवळजवळ सगळा भार चाक घेते, माणसाकडे उरते ती तोल सांभाळण्याची आणि ढकलण्याची कामगिरी. इ. स. २३१ च्या मोहिमेत झुगे लिआंग या सेनानीने रसद नेण्यासाठी ‘लाकडी बैल’ वापरल्याचे जुन्या चिनी इतिहासात नमूद आहे आणि ती एकचाकीच असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. दोन चाकांना दोन चाकोऱ्यांइतका रुंद रस्ता लागतो. एका चाकाला शेताच्या बांधावरची पाऊलवाटही पुरते. जिथे रुंद रस्ते नाहीत तिथे चाकांची संख्याच एकावर आली. आजही डोंगरउतारावरच्या, फूटभर रुंदीच्या पण पायऱ्या नसलेल्या वाटेने सामान न्यायचे असेल, तर कमरेच्या पट्ट्याला जोडलेली एकचाकी हाच शहाणपणाचा पर्याय ठरतो.

आता वाट वाचायची म्हणजे नेमके काय करायचे? त्यासाठी गाडी काय करते ते आधी नीट समजून घ्यावे लागेल. पाठीवर पिशवी असते तेव्हा तिचे सगळे वजन हाडांवर आणि स्नायूंवर असते आणि प्रत्येक पावलाला ते थोडे वर उचलावे लागते. गाडीत ते वजन जमीन पेलते. माणसाला द्यावी लागते ती फक्त ओढ. गाडी वजन नाहीसे करत नाही, वजनाची जबाबदारी खांद्याकडून जमिनीकडे सोपवते. जमीन ती जबाबदारी किती आनंदाने घेते, यावर ओढणाऱ्याचे सुख-दुःख ठरते. कठीण, सपाट जमीन उदार असते. भुसभुशीत जमीन चाकाला गिळते आणि प्रत्येक वितीला त्याला स्वतःच्याच खड्ड्यातून बाहेर काढायला लावते.

थोडा हिशेब करू. सोयीसाठी ओढही किलोतच मोजू. गाडी आणि सामान मिळून ६० किलो आहे असे धरा. हवा भरलेल्या टायरची, बेअरिंग बसवलेली गाडी चांगल्या डांबरी रस्त्यावर किलोभर ओढीत चालते, बोटांनीही ओढता येते. टणक मातीच्या रस्त्यावर तीच गाडी दोन-तीन किलो मागते. कोरड्या, सुट्या वाळूत मागणी बारा किलोंच्या पुढे जाते. चढाचा हिशेब तर जमिनीच्या जातीवर अवलंबूनच नाही. दहा मीटर चालल्यावर एक मीटर उंची वाढत असेल, तर वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे सहा किलो, वेगळी ओढ द्यावी लागते. ती वरच्या कुठल्याही आकड्यात मिळवायची. जनावराने दिवसभर टिकवायची ओढ ढोबळमानाने त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकी धरतात. तोच आडाखा माणसाला लावला तर ६० किलोच्या माणसाकडे दिवसभर पुरवायला सहा किलोंची ओढ आहे. डांबरी रस्त्यावर हा माणूस शंभर किलोही हसत नेईल. टणक मातीच्या चढावर ६० किलोंनी त्याला धाप लागेल. सुट्या वाळूत तो अडकेल.

या आकड्यांतून पहिला नियम निघतो. गाडीवरचे ओझे वाटेच्या सरासरीवर ठरवायचे नसते, ते वाटेतल्या सगळ्यात वाईट तुकड्यावर ठरवायचे असते. कोकणातल्या एखाद्या लांब किनाऱ्याचा विचार करा. ओहोटीनंतर पाण्यालगतची ओली वाळू इतकी घट्ट असते की तिच्यावरून सायकल जाते. तिथे मैलच्या मैल गाडी सुरेख चालेल. पण मुक्कामाची जागा असते सुरूच्या बनात, आणि ओली वाळू ते सुरूचे बन यांच्यामध्ये कोरड्या, पांढऱ्या, पाय रुतणाऱ्या वाळूचा पट्टा असतो. तो शंभर पावलांचाच असेल, पण गाडीची खरी परीक्षा तिथे आहे. घरासमोरच्या रस्त्यावर भरलेली गाडी ओढून पाहिली आणि हलकी लागली म्हणून आणखी दहा किलो चढवले, असे ज्याने केले त्याने वाटेतला सगळ्यात सोपा तुकडा प्रमाण मानला. तो तुकडा संपेपर्यंतच त्याचा हिशेब बरोबर ठरतो.

यावर कुणी विचारील, वाईट तुकड्यावर दोन खेपा केल्या तर? जरूर कराव्यात. पण मग सामान सुटे होणारे हवे, चार-पाच पिशव्यांत बांधलेले हवे, एका मोठ्या पेटाऱ्यात कोंबलेले नको. म्हणजे साट्याची रचनासुद्धा वाळूच्या त्या पट्ट्यानेच ठरवली.

आता चाक. लहान चाक हलके असते, स्वस्त असते, घडी करून ठेवायला सोपे असते. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक तयार गाड्यांना म्हणूनच लहान चाके असतात. पण वाटेत दगड असतो, आणि दगडासमोर चाकाची त्रिज्या हीच त्याची ताकद ठरते. पाच सेंटिमीटर उंचीचा, जमिनीत घट्ट रुतलेला दगड घ्या. त्याला टेकून उभे असलेले चाक आसाच्या रेषेत आडवे ओढून वर चढवायचे आहे. चाकाची त्रिज्या २५ सेंटिमीटर असेल तर चाकावरच्या भाराच्या पाऊणपट ओढ लागते. त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर तीच ओढ जवळजवळ पावणेदोनपट होते. त्रिज्या पाचच सेंटिमीटर असेल तर कितीही जोर लावा, आडव्या ओढीने ते चाक चढणारच नाही, गाडी उचलूनच घ्यावी लागेल. उलट १० सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला पाऊणपट ओढीत चढता येईल असा दगड फक्त दोन सेंटिमीटरचा. मोठे चाक वाटेतला प्रत्येक दगड लहान करून टाकते.

मोठ्या चाकाचा आणखी एक गुण चटकन लक्षात येत नाही. घर्षण आसाच्या पृष्ठभागाशी होते आणि ओढ मिळते चाकाच्या परिघाशी. आस जितका बारीक आणि चाक जितके मोठे, तितका घर्षणाचा त्रास कमी जाणवतो. बेअरिंग नसलेल्या काळात गाडीची चाके उंच करण्यात हाही लाभ होता. आज बेअरिंगमुळे या लाभाचे महत्त्व कमी झाले असले तरी दगडाचा हिशेब तसाच आहे. मग मोठे चाक कुठवर न्यायचे? तर वाटेची रुंदी, ओढणाऱ्याची उंची आणि गाडीचा तोल परवानगी देतील तिथवर. कच्च्या रस्त्यासाठी सायकलच्या २० ते २६ इंची चाकांचा पल्ला बहुधा योग्य बसतो. वाळू असेल तर त्याच मापात टायर रुंद घ्यावा आणि हवा कमी ठेवावी, म्हणजे भार पसरतो आणि चाक कमी रुतते.

चाकापेक्षाही कमी लक्ष जाते ते आसाकडे. तिकडे दुर्लक्ष केले तर काय होते, याची नोंद अमेरिकेच्या इतिहासात आहे. मॉर्मन पंथाचे लोक युरोपातून, मुख्यतः ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियातून, सॉल्ट लेकच्या खोऱ्याकडे स्थलांतर करत होते. बैल आणि मोठ्या वॅगनी परवडत नाहीत म्हणून त्यांचे नेते ब्रिगहॅम यंग यांनी हातगाड्यांची योजना पुढे आणली. १८५६ ते १८६० या काळात जवळजवळ तीन हजार माणसे दहा तुकड्यांनी हातगाड्या ओढत निघाली. सुरुवातीच्या वर्षांत आयोवा सिटीपर्यंत रेल्वे आणि तिथून पुढे सुमारे २१०० किलोमीटर पायी. एका गाडीमागे साधारण पाच माणसे आणि प्रत्येकाला कपडे-अंथरूण मिळून १७ पौंड, म्हणजे पावणेआठ किलो, सामानाची मुभा. तंबू आणि शिध्याचा मोठा साठा बैलांच्या मोजक्या वॅगनींवर. गाडीच्या दोन चाकांमधले अंतर वॅगनीच्या चाकोऱ्यांशी जुळेल असे ठेवलेले, म्हणजे आधी गेलेल्या वॅगनींनी दाबून ठेवलेल्या रेषांत ती चालावी. एवढ्यापुरती त्या गाडीने वाट वाचली होती.

बाकीची वाट मात्र वाचायची राहून गेली. गाड्या हलक्या आणि स्वस्त व्हाव्यात म्हणून लोखंड शक्य तितके टाळले होते, बहुतेक साध्या गाड्यांचे आस लाकडाचेच होते. त्यातच उशिरा आलेल्या दोन तुकड्यांसाठी, विली आणि मार्टिन यांच्या तुकड्यांसाठी, गाड्या घाईने आणि पुरत्या न वाळलेल्या लाकडाच्या बांधल्या गेल्या. ओले लाकूड वाळताना आक्रसते, हे आपल्याकडच्या कुठल्याही गावसुताराला सांगावे लागणार नाही. बैलगाडीचे चाक उन्हाळ्यात सैल झाले तर ते पाण्यात ठेवून फुगवून घेणे ही शेतकऱ्याची नेहमीची युक्ती होती. नेब्रास्काच्या कोरड्या हवेत या गाड्यांचे आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, खिळखिळे झाले, परिघाचे पाटे सुटू लागले. वाटेतली बारीक वाळू तुंबा आणि आस यांच्यामधल्या फटीत शिरली आणि प्रत्येक फेऱ्याला लाकूड खाऊ लागली. पुरेसे वंगण बरोबर घेतलेले नव्हते. लोकांनी जेवणातली डुकराची चरबी आसाला लावली, अंगाचा साबण लावला. बुटांच्या वरच्या कातड्याचे तुकडे कापून आसाच्या टोकांना गुंडाळले, भांड्यांचे पत्रे कापून ठोकले. अन्न, साबण, बूट, भांडी या सगळ्या जगण्याच्या वस्तू आस गिळू लागला.

गाडीचे दोष एकटे या शोकांतिकेला कारणीभूत नव्हते, हे आवर्जून सांगायला हवे. त्याच वर्षी लवकर निघालेल्या पहिल्या तीन तुकड्या अशाच गाड्या घेऊन ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांपर्यंत पोहोचल्या. विली आणि मार्टिन यांच्या तुकड्या फार उशिरा निघाल्या. पण उशीर आणि गाडी एकमेकांना बांधलेले होते. गाड्या तयार नव्हत्या म्हणून आधीच वेळ गेला, दुरुस्तीसाठी थांबण्यात आणखी गेला. फ्लॉरेन्स या ठाण्याहून निघताना विलीच्या तुकडीत प्रत्येक गाडीवर ९८ पौंडांचे पिठाचे पोते चढवले गेले, म्हणजे साधारण ४४ किलो. पुढे सप्टेंबरमध्ये जवळजवळ तीस बैल उधळून नाहीसे झाल्यावर वॅगनींवरचे पीठ पुन्हा हातगाड्यांवर आले. मुळात हलक्या ओझ्यासाठी बांधलेली, ओल्या लाकडाची गाडी आता दुप्पट भार घेऊन चढणीला लागली होती.

मार्टिनच्या तुकडीत १७ ऑक्टोबर १८५६ रोजी, आजच्या वायोमिंगमधल्या डिअर क्रीकजवळ, माणसांची आणि जनावरांची ताकद संपत आल्यामुळे ओझे कमी करायचा निर्णय झाला. मोठ्या माणसाला दहा पौंड, लहान मुलाला पाच पौंड, त्यापेक्षा जास्त असेल ते टाकून द्यायचे. पांघरुणे आणि गरम कपडे तिथेच टाकले गेले, जाळले गेले. दोनच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, त्यांनी नॉर्थ प्लॅट नदी शेवटची ओलांडली आणि त्याच दिवशी हिमवादळ सुरू झाले. सॉल्ट लेकहून मदत निघाली होती म्हणून पुष्कळ जण वाचले, तरी या दोन तुकड्यांत मिळून दोनशेहून अधिक माणसे गेली.

हा प्रसंग जीव वाचवण्यासाठी गाडी बांधणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावा. ज्या सामानासाठी गाडी केली, तेच सामान गाडी चालती ठेवण्यासाठी टाकावे लागले. त्या लोकांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही, त्यांच्यापुढे दुसरा मार्ग उरला नव्हता. पण रचना करणाऱ्याला त्यातून एक कर्तव्य कळते. गाडी कमकुवत असेल तर तिची किंमत सुतारशाळेत चुकवली जात नाही, ती वाटेवर चुकवली जाते, आणि ज्याने ती बांधलेली नाही त्याला चुकवावी लागते.

आजच्या गाडीत आसाचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. सायकलची जुनी चाके आणून गाडीला लावणे ही चांगली कल्पना आहे, कारण तशी ट्यूब, टायर आणि आरे तालुक्याच्या कुठल्याही सायकल दुकानात मिळतात. आपल्या माळरानावर बाभळीचे काटे आणि सराटे असतात, तेव्हा पंक्चर होणार हे धरूनच चालावे. पण सायकलचा आस दोन्ही बाजूंनी पकडला जाईल असा घडवलेला असतो. गाडीत तो एकाच बाजूने साट्याच्या पाइपला जोडला, की दगडावरच्या पहिल्याच जोरदार आपटीत वाकायला लागतो. एक तर चाकाच्या दोन्ही अंगांना आधार देणारी चौकट करावी किंवा एका बाजूनेच पेलेल असा जाड आस असलेला तुंबा घ्यावा. शिवाय सायकल वळताना झुकते, दोन चाकांची हातगाडी झुकत नाही. त्यामुळे आडव्या उतारावर आणि वळणावर चाकाला बाजूचा ताण बसतो, आणि तारांचे आरे त्याच्यापुढे फार काळ टिकाव धरत नाहीत. आऱ्यांची संख्या जास्त, ताण नीट दिलेला आणि भार माफक, एवढे पाळले तर सायकलचे चाक उत्तम साथ देते.

यानंतर येतो तोल. तो शिकायला बाजारपेठेतल्या हमालाकडे पाहावे. मुंबईत मशीद बंदरच्या गल्ल्यांत लांब साट्याच्या दोन चाकी हातगाड्या भरताना नीट पाहिले तर दिसते की पोती नुसती रचली जात नाहीत. थोडी पुढे, थोडी मागे अशी ती चढत जातात. गाडी भरली की ओढणारा पुढचा दांडा हातात घेऊन किंचित खाली-वर करून पाहतो. दांडा जड लागला तर एखादे पोते वीतभर मागे सरकवायला लावतो. दांडा आपण होऊन वर उठत असेल तर पुढे घ्यायला लावतो. शेवटी दांडा तळहातावर नुसता टेकल्यासारखा राहतो आणि मगच गाडी हलते. भाराचा मध्य आसाच्या जरासा पुढे, एवढेच ते शास्त्र आहे. पण ते प्रत्येक लादणीला नव्याने जुळवावे लागते. पाण्याचे कॅन रिकामे होत जातात तसा मुक्कामाच्या गाडीचाही तोल रोज बदलतो. म्हणून पाणी आणि जड शिधा आसाच्या अगदी वर ठेवावा. संपला तरी पुढचा-मागचा समतोल बिघडत नाही. साट्याच्या पुढच्या टोकाला पाणी ठेवले तर सकाळी दांडी मनगटे ओढेल आणि संध्याकाळी कमरेला वर उचलू लागेल.

पुढे-मागे तोल जसा आसाने ठरतो, तसा बाजूचा तोल रुंदी आणि उंचीने ठरतो. दोन चाकांत ६० सेंटिमीटर अंतर आहे आणि भाराचा मध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर आहे असे धरा. अशी गाडी साधारण २६ अंशांपर्यंत कलली तरी सावरते. सामान उंच रचून तोच मध्य ९० सेंटिमीटरवर नेला, की १८ अंशांतच ती उलटते. एक चाक २० सेंटिमीटरच्या दगडावर चढले की गाडी १९ अंशांहून थोडी जास्त कलते. दगड तोच, वाट तीच. एका गाडीतला तंबू शाबूत राहतो, दुसऱ्या गाडीतला ओढ्यात जातो. म्हणून साटा दोन चाकांच्या वर न ठेवता त्यांच्या मध्ये, आसाच्या पातळीला आणावा. त्यामुळे गाडी रुंद होते, आणि रुंदीची शेवटची मर्यादा पुन्हा वाटच सांगते. वाटेतली सगळ्यात अरुंद फट, मग ती कुंपणातली असो, पुलाच्या कठड्यांमधली असो की दोन झाडांमधली, गाडीहून वीतभर तरी रुंद हवी.

ओढण्यासाठी दोरी की दांडी, हा प्रश्न सपाटीवर क्षुल्लक वाटतो. उतारावर तो टाचांचा प्रश्न होतो. पाच मीटरला एक मीटर उतरणाऱ्या वाटेवर ६० किलोंची गाडी बारा किलोंच्या जोराने मागून ढकलते. दोरी असेल तर गाडी थेट पायांवर येते. म्हणून ताठ दांड्या हव्यात, आणि त्या हातांत न धरता कमरेच्या पट्ट्याला जोडलेल्या बऱ्या, म्हणजे ओढ मांड्यांकडून आणि कमरेकडून येते, हात मोकळे राहतात. तीव्र उतार असतील तर सायकलचा ब्रेक चाकांना लावावा. तो नसेल तर गाडी वळवून घ्यावी, तिला पुढे ठेवून स्वतः वरच्या अंगाला राहावे आणि सावकाश सोडत उतरावे. मात्र कमरेला गाडी जोडली की एक गोष्ट सोडता येत नाही. एका हाताने, न पाहता, क्षणात सुटेल अशीच ती जोडणी असली पाहिजे. कड्यावरून चाक घसरले तर गाडी जाऊ द्यायची असते, तिच्याबरोबर माणूस जाता कामा नये.

इथे आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो. पाठीवरची पिशवी माणसाशी रोज बोलते. दोन किलो जास्त झाले की खांदा तक्रार करतो आणि माणूस काहीतरी कमी करतो. गाडी गप्प असते. घरासमोर ती सगळे स्वीकारते, आणि तिची तक्रार ऐकू येते ती चढावर, चिखलात, तुटलेल्या आसाजवळ. म्हणजे ओझ्याला आवर घालण्याचे जे काम शरीर करत होते, ते आता विचाराला करावे लागते. पाण्याचा विचार केला तरी हे पटेल. चार माणसांना रोज तीन लिटरप्रमाणे तीन दिवसांचे पाणी न्यायचे तर ३६ किलो झाले, तेही भांड्यांचे वजन सोडून. अशा वेळी गाडी खरोखर वरदान असते. पण वाटेत रोज संध्याकाळी खात्रीची विहीर असेल तर त्या ३६ किलोंतले २४ किलो घरी राहू शकतात. विहीर हीही वाट वाचण्यातलीच गोष्ट आहे.

आणि जिथे जिवाचा प्रश्न आहे, तिथे आणखी एक पाऊल पुढे जावे लागते. कुठलीही गाडी कुठल्या तरी वाटेवर थांबणारच. पुराचे पाणी रस्त्यावर असेल, दरड कोसळून दगडांचा ढीग झाला असेल, पुढे फक्त पायऱ्या असतील. त्या जागी गाडी सोडून पुढे जाता आले पाहिजे, आणि सोडल्यावर माणूस उघडा पडता कामा नये. म्हणून ज्या वस्तूंवाचून एक रात्र निभणार नाही, त्या गाडीत असूच नयेत. एक पांघरूण, लिटर-दोन लिटर पाणी, काडेपेटी, बॅटरी, औषधे, कागदपत्रे आणि एका वेळचे खाणे प्रत्येकाच्या अंगावरच्या पिशवीत असावे. गाडीत राहावे ते आराम देणारे, साठा वाढवणारे, चार दिवसांचे दहा दिवस करणारे सामान. तेही खांद्यावर घेता येईल अशा बंदांच्या पिशव्यांत. गाडीची चाके हत्यारांशिवाय निघावीत, साटा दोन तुकड्यांत उलगडावा, म्हणजे पायऱ्यांचा टप्पा आला तर गाडीच ओझे म्हणून उचलता येईल. डिअर क्रीकजवळ पांघरुणे गाडीच्या ओझ्यात मोजली गेली होती. जीव राखणारी वस्तू आणि गाडीचे ओझे यांचे दोन वेगळे हिशेब असावेत, हा तिथला सगळ्यात मोठा धडा आहे.

हातगाडीवरचा विश्वास या दुर्घटनेने संपला नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. पुढच्याच वर्षी, १८५७ च्या एप्रिलमध्ये, सुमारे सत्तर धर्मप्रचारक हातगाड्या घेऊन सॉल्ट लेकहून उलट दिशेने निघाले आणि ४८ दिवसांत फ्लॉरेन्सला पोहोचले. ती धडधाकट माणसे होती, बरोबर मुले-म्हातारे नव्हते, ऋतू योग्य होता, ओझे हलके होते. यांतली प्रत्येक गोष्ट वाटेशी जुळवून घेतलेली होती. हाताने ओढायची गाडी ही कल्पना मुळातच वाईट नव्हती, हे त्या ४८ दिवसांनी दाखवून दिले.

तेव्हा गाडी बांधायची असेल तर पहिला दिवस रिकाम्या हातांनी चालण्यात घालवावा. जवळ टेप, वही आणि ओढ मोजायचा ताणकाटा असावा. सगळ्यात अरुंद फट मोजावी, सगळ्यात उंच दगड मोजावा, सगळ्यात तीव्र चढ कुठे आहे आणि सगळ्यात मऊ जमीन किती लांब आहे ते लिहून ठेवावे. पाणी कुठे मिळते ते पाहावे. मग चाक, आस आणि रुंदी ठरवावी, आणि त्यानंतर साटा. गाडी तयार झाली की ती भरून थेट त्या वाईट तुकड्यावर न्यावी, दांडीला ताणकाटा अडकवून ओढावे आणि काटा काय सांगतो ते पाहावे. तो माणसाच्या ताकदीपलीकडचा आकडा दाखवत असेल तर एकेक पिशवी उतरवत जावे, आकडा आवाक्यात येईपर्यंत. त्या क्षणी गाडीत जेवढे उरले असेल, तेवढीच तिची खरी क्षमता.